सोळाशे एक्क्याण्णव

नवाच्या बेरजेची नंबरप्लेट दिसली की हल्ली माझं डोकं फिरतं. परळच्या सिग्नलला उभी असले की समोरच्या गाड्यांच्या आकड्यांची मी बेरीज करतेच, ती बापाकडून आलेली खोड आहे. दर चार-पाच गाड्यांमागे एक तरी नऊवाली निघते. ओळखी काढून, आरटीओत खेटे घालून मिळवलेला नंबर. शुभ म्हणे, पूर्ण म्हणे. मला त्या मालकाला काच खाली करायला लावून विचारावंसं वाटतं, की बाबा रे, बेरीज नऊ आली म्हणजे त्या आकड्याला नऊने भाग जातो एवढंच. शाळेत असताना तुला हे येत होतं. मग मधेच काय झालं तुला?

हितेंद्र साळसकरची गाडीही नऊवाली आहे. त्याच्यापर्यंत येतेच, पण आधी बाबांचं सांगते.

माझे वडील रमाकांत तळवडेकर गोदीत कारकून होते. काळाचौकीला आमच्या चाळीत तळमजल्यावर मंडळाची अभ्यासिका आहे. संध्याकाळी कामावरून आले की चहा पिऊन बाबा खाली उतरायचे आणि जमतील त्या पोरांना गणित शिकवायचे. फुकट. त्यामुळे गोदीतला हा कारकून आमच्या भागात सर झाला. गणितात नापास व्हायचं ठरवूनच आलेली पोरं त्यांनी पास करून दाखवली, आणि कधी कुणावर आवाज चढवला नाही. त्यांच्या वाटणीचा सगळा राग माझ्याकडे आला आहे, असं आई म्हणायची.

आता ते चौऱ्याऐंशीचे आहेत. नजर गेली आहे, खिडकीतला उजेड तेवढा कळतो. गेली दोन वर्षं विसरणंही सुरू झालं आहे. आधी नावं गेली. हितेंद्रला ते त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारतात. आई जाऊन किती काळ लोटला, तरी एखाद्या दुपारी विचारतात, ती बाजारातून आली का. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की हे वाढत जाणार. तेव्हा बाबांनी एकच प्रश्न केला, आकडेही जातील का? डॉक्टर म्हणाले, कदाचित ते सगळ्यात शेवटी जातील.

त्या दिवसापासून रोज सकाळी चहाबरोबर मी बाबांना एक गुणाकार घालते. ते तोंडी करतात, मी मोबाइलवर ताडून बघते. ते अजून एकदाही चुकलेले नाहीत. ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी लपवायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. "तेवढंच राहिलंय माझ्याजवळ, दुर्गे," ते म्हणाले होते. "ते गेलं की मला कळायला हवं. मग तुम्ही म्हणाल तसं मी वागेन." मोबाइलवर उत्तर जुळेपर्यंत मी रोज माझ्या चहाला हात लावत नाही, हे त्यांना मी कधी सांगितलेलं नाही.

हे सगळं चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे. हितेंद्रलाही ठाऊक होतं. म्हणूनच मी त्याला माफ करू शकत नाही.

मंडळाने अभ्यासिका नवी केली तेव्हा सरांचा सत्कार करायचं ठरलं. बाबा शाल-श्रीफळाला कायम नाही म्हणत आले. तेव्हा उन्मेषने तोड काढली. उन्मेष बाबांचा शेवटच्या तुकडीतला विद्यार्थी, लोअर परळला संगणकाच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, आपण सरांना एक संख्या देऊ. अभ्यासिकेच्या दाराशी काळ्या ग्रॅनाइटवर कोरू. पंचवीस ओळी, प्रत्येक ओळीत पंचवीस आकडे. लांबून बघितलं की सरांचा जाड चष्मा दिसेल, कारण चष्मा आठांचा आणि मोकळी जागा एकांची. जवळ जाऊन सगळे आकडे एका दमात वाचले की ती एकच सहाशे पंचवीस आकडी संख्या. आणि ती मूळ संख्या असेल. एक आणि ती स्वतः सोडली, तर तिला कशानेही भाग जाणार नाही.

बाबा खुर्चीत सरसावून बसले. अशी संख्या मिळेल कशावरून? उन्मेष म्हणाला, मूळ संख्या पुढे पुढे विरळ होत जातात, पण संपत कधीच नाहीत. एवढ्या मोठ्या आकड्यांत साधारण चौदाशेंत एक असते. मी चष्मा तसाच ठेवीन, उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातले चार-सहा आकडे बदलत राहीन. कधी ना कधी सापडेलच. बनवता येत नाही सर, शोधावीच लागते.

आणि भागून भागून किती बघशील, बाबांनी विचारलं. उन्मेष म्हणाला, भागायचं नाहीच, तसं भागत बसलं तर सूर्य विझेल. संख्या मूळ असेल, तर दोनाचा तेवढा घात करून त्याच संख्येने भागलं की बाकी दोनच उरते. तिनाचा केला की तीन. बहुतेक लबाड संख्या तिथेच पकडल्या जातात. उरलेल्यांना आणखी कडक परीक्षा आहेत, त्याही मी घेईन. हे ऐकून बाबा इतके खूश झाले, की रात्री जेवताना तेच मला दोनदा समजावून सांगितलं. आणि दोन्ही वेळा बरोबर.

संख्या सापडली. उन्मेषने ती छापून आणली आणि मी एकेक ओळ बाबांना वाचून दाखवली. स्वतः पडताळल्याशिवाय ते हो म्हणणार नव्हते. तीन, सात, अकरा, तेरा, जे जे तोंडी जमतं ते सगळं त्यांनी लावून बघितलं. सगळ्या आकड्यांची बेरीज केली, ती आली सोळाशे एक्क्याण्णव. म्हणजे नवाने भागलं तर बाकी आठ. बाबा म्हणाले, "जात नाही. घ्या कोरायला." आणि लहान मुलासारखे टाळी देऊन हसले.

आता हितेंद्र. मंडळाचा अध्यक्ष, वरळीला त्याचं एसी दुरुस्तीचं ऑफिस आहे. बाबांकडे आठवीपासून दहावीपर्यंत होता. गुरुपौर्णिमेला पाटीचं अनावरण ठरलं. त्याच्या थोडे दिवस आधी तो पेढे घेऊन वर आला, बाबा झोपले होते, आणि तो मला फार आनंदाची बातमी सांगावी तसं सांगू लागला. दादरचे कुणी अंकशास्त्रवाले गुरुजी आहेत, त्यांना त्याने संख्या दाखवली. त्यांनी सांगितलं, बेरीज आठावर येते, आठ हा शनी, पोरांच्या अभ्यासाच्या दारात शनी नको. नऊ करून घ्या. म्हणून कोपऱ्यातल्या एका एकाचा दोन केला. पाटी तशी कोरून तयारही झाली.

मी पेढ्यांचा खोका बाजूला सरकवला. मग विचारलं, की नऊ बेरीज झाल्यावर काय होतं ते तुला आठवतं का?

"ताई, एक डिजिट हो फक्त. सहाशे पंचवीसमधला एक. कोण बघायला जातंय?"

ह्याला बाबांनी आगपेटीच्या काड्या मांडून शिकवलं होतं, मी तिथेच बसलेली असायची. दहा म्हणजे नऊ आणि एक. शंभर म्हणजे नव्याण्णव आणि एक. प्रत्येक दहातून, शंभरातून, हजारातून नवाचे गठ्ठे बाजूला काढले की आकड्याएवढ्या काड्या उरतात. त्या उरलेल्या सगळ्या एकत्र करून नवाचे गठ्ठे पुरते झाले, तर संख्येला नवाने भाग गेला. हे ज्याला काड्यांनी कळलं होतं, तोच माणूस आता मला शनी समजावत होता. मी त्याला म्हटलं, की तुम्ही मूळ संख्येला नऊने भाग जाणारी करून ठेवलीत आणि खाली कोरलंत, ही मूळ संख्या आहे. माझ्या बापाच्या नावाने.

तो क्षणभर गडबडला. मग म्हणाला, "मग उन्मेषला दुसरी शोधायला सांगा ना. बेरीज नऊवाली."

"नाही अशी."

"एवढ्या संख्या आहेत जगात, ताई. सर्च केल्याशिवाय नाही कसं म्हणता?"

पेढ्यांचा खोका त्याच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं. जगात नाही, हितेंद्र, आकाशात नाही, तुझ्या गुरुजींच्या खिशातही नाही. सहाशे आकडी घे, सहा लाख आकडी घे. नऊ बेरजेची मूळ संख्या कधी नव्हती आणि कधी होणार नाही. हे मी आवाज दाबून बोलले, कारण आत बाबा झोपले होते. दाबलेला आवाज जास्त वाईट लागतो म्हणतात, तो लागला असावा. हितेंद्र खाली बसला. मग उर्वीचं बोलला. उर्वी त्याची मुलगी, डॉक्टर व्हायचंय तिला, नीटला दुसऱ्यांदा मार्क कमी पडले, आता तिसऱ्यांदा बसणार आणि दिवसभर त्याच अभ्यासिकेत असते. मला कशाचीच खात्री वाटत नाही ताई, तो म्हणाला, जो जे सांगेल ते करतोय.

पोरीची काळजी मला कळते. पण म्हणून माझ्या बापाची संख्या मोडायची? तिच्या वहीवर लिही नऊ, तिच्या गळ्यात बांध. मी सांगितलं, की पाटी नवी कोरली नाहीस तर बाबा कार्यक्रमाला येणार नाहीत. तो म्हणाला, ठीक आहे. दोन दिवसांनी जिन्यात भेटला तेव्हा त्याने स्वतःहून सांगितलं, "झालं ताई. नवीन पाटी कोरून घेतली. उन्मेषने दिली होती तश्शी." मी त्याचे आभार मानले. हे आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

गुरुपौर्णिमा रविवारी आली. बाबांनी गोदीतून निवृत्त होताना शिवलेला कोट घातला. हिंदमाताहून घेतलेली नवी साडी मी नेसले. अभ्यासिकेसमोर मांडव, खुर्च्या, जुने विद्यार्थी, कुणी डोंबिवलीहून तर कुणी पुण्याहून आलेले. पाटी दाराशेजारी छातीच्या उंचीवर बसवली होती आणि वर भगवा कपडा होता. बाबांनी कपडा ओढला. टाळ्या झाल्या. लांबून चष्मा अगदी छान दिसत होता, खाली बाबांचं पूर्ण नाव कोरलेलं होतं, आणि पोरं फोटो काढायला लागली. सगळ्यांना वाटलं की बाबा आता वळून खुर्चीत बसतील.

बाबांनी हात पुढे केला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

त्यांना वाचायचं होतं. आकडे बोटाएवढे, खोल कोरलेले, एक आणि आठ हाताला सहज कळण्यासारखे. ते ओठ हलवत ओळीमागून ओळ सरकू लागले. सगळ्यांना आधी कौतुक वाटलं. मग चुळबुळ सुरू झाली. हितेंद्र माइकवर काहीबाही बोलत राहिला, सर दमतील म्हणाला, खुर्ची पुढे करा म्हणाला. मला वाटलं, आपली संख्या नीट कोरली की नाही हे बघतायत, बघू देत. मी खुर्ची दिली. बाबा खुर्चीत बसून खालच्या ओळींवर आले, शेवटच्या आकड्यावर बोट टेकवलं आणि थांबले.

मग खालच्या ओळी पुन्हा वाचल्या. आणि पुन्हा.

त्यांचा चेहरा मी जन्मभर बघत आले आहे. तसा मी तो आई गेली तेव्हाही बघितला नव्हता. त्यांनी माझा हात चाचपून धरला. हात गार होता.

"दुर्गे," ते हळू म्हणाले, "सोळाशे ब्याण्णव येतायत. तीनदा केलं. माझी बेरीज चुकायला लागली." आणि थोड्या वेळाने, "कबूल केलंस ना, लपवणार नाहीस. चुकलीच ना?"

आणि मी, त्यांची मुलगी, क्षणभर हो म्हणायला निघाले होते. मला वाटलं, आला तो दिवस, सगळ्या लोकांसमोर आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसताना माझी नजर पाटीच्या कोपऱ्यावर गेली.

तिथे दोन होता.

नवीन पाटी वगैरे काही नव्हतं. तीच पाटी, तोच दोन. म्हाताऱ्याला दिसत नाही, मुलगी पहिल्या रांगेत बसेल, मग काय कळतंय, असं हितेंद्रला वाटलं असणार. मी बाबांचं बोट धरलं आणि त्या आकड्यावर नेलं. विचारलं, हा काय आहे. दोन, बाबा म्हणाले. मी म्हटलं, "उन्मेषने एक दिला होता. हा यांनी बदललाय, बेरीज नऊ यावी म्हणून. तुमची बेरीज बरोबर आहे, बाबा. तीनदाही बरोबर आहे."

बाबांनी त्या दोनावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. छाती मोठी करून श्वास घेतला. हात हळूहळू उबदार झाला. मग एकदम हसले, अगदी तसेच, त्या दिवशी टाळी देऊन हसले होते तसे. "म्हणजे आहे अजून," ते म्हणाले.

मला हसू आलं नाही. मी हितेंद्रच्या हातातला माइक घेतला आणि काय झालं ते सगळ्या मांडवाला सांगितलं. शनी सांगितला, गुरुजी सांगितले, जिन्यातली थाप सांगितली. आणि हेही सांगितलं, की आत्ता दोन मिनिटं माझ्या बापाला वाटलं की त्याचं डोकं गेलं, आणि ते त्याला तुमच्या पाटीने सांगितलं. डोंबिवलीहून आलेले मान खाली घालून बसले. उन्मेष पांढराफटक पडला होता, त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. मागे उर्वी उभी होती. तिने एकदा आपल्या बापाकडे बघितलं आणि ती आत निघून गेली.

हितेंद्र बाबांपुढे वाकला. माझ्यापुढे वाकला असता तर मी काय केलं असतं कोण जाणे. म्हणाला, चुकलं सर, पण आता कोरलंय तर राहू दे, आकडा शुभ आहे, पोरांचं भलंच होईल.

बाबांनी आवाजावरून त्याच्याकडे तोंड केलं. "तू हितेंद्र," ते म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा. "तुझ्या मुलीला उद्या पेपरात विचारलं, की ही संख्या मूळ आहे का. तर तिने काय लिहायचं? शुभ आहे?"

हितेंद्र मागे सरकला.

"दोनाचा एक करता येईल का?" बाबांनी विचारलं. पाटी बसवणारा शिवा कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, नाही सर, दगड आहे, एकदा कोरलं ते कोरलं. खोदलेलं भरून येत नाही.

"आणि नाव?"

शिवा म्हणाला, नाव फोडता येईल.

"फोड मग. खोट्या संख्येखाली माझं नाव नको." बाबांचा आवाज चढला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, आणि मला कळलं की माझ्याकडे हे कुठून आलं. कुणीतरी म्हणालं, कार्यक्रम संपू दे, पाहुणे आहेत, उद्या शांतपणे करू. बाबा म्हणाले, "मी बसलोय इथेच. मला घाई नाही."

शिवाने पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली, पण पाटीजवळ येऊन तो तसाच उभा राहिला. सरांच्या नावावर घाव घालायला त्याचा हात उचलेना. त्याच्याकडून ती मी घेतली. नव्या साडीचा पदर खोचला आणि पहिला घाव घातला तो रमाकांतमधल्या रवर. ग्रॅनाइट सोपा नसतो. माझ्या मनगटातून कळ गेली, कपच्या उडाल्या, मांडवात एक माणूस हलला नाही. एकेक अक्षर गेलं. मी हातोडी खाली केली आणि श्वास घेतला.

"गेलं का?" बाबांनी विचारलं.

"रमाकांत गेलं. तळवडेकर राहिलंय."

"मग थांबलीस कशाला?" बाबा म्हणाले.